टीम चार गावांत आणि प्रमुख कुणीच नाही : हे चालतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी नागपूरची. परसोडीच्या आयटी पार्कातल्या एका लहानशा ऑफिसात काम करते. आमचं सॉफ्टवेअर शीतगृहांसाठी आहे. आतलं तापमान किती, दार किती वेळ उघडं राहिलं, कॉम्प्रेसर कधी बसला, हे सगळं बघायचं आणि वेळेवर बोंब मारायची. टीममध्ये नऊ जण. नागपूरला आम्ही दोघं, पुण्याला तिघं, कोचीला एक आणि हॅम्बुर्गला तिघं. आजवर हॅम्बुर्गचा एक मुरलेला माणूस प्रमुख होता. तो दुसऱ्या कामावर गेला आणि वरून निरोप आला की नवा प्रमुख नेमणार नाही, तुम्ही सगळे जाणते आहात, नेतृत्व आपसात वाटून घ्या.

तेव्हापासून रोज काहीतरी नवीन. पुण्याचे तिघं एकाच मजल्यावर बसतात, त्यांचं चहा पिता पिता ठरतं आणि आम्हाला ते थेट कोडमध्ये दिसतं. हॅम्बुर्गवाल्यांना चार परिच्छेद लिहिले तरी उत्तर येतं "ओके". पटलं की रागावले, देव जाणे. कोचीचा मुलगा हुशार आहे, पण कॉलवर तोंडच उघडत नाही. काही बिघडलं की प्रत्येक गावाची खात्री असते की बिघाड दुसऱ्या गावाचा आहे.

ज्यांना कधी भेटलोच नाही त्यांच्यावर विश्वास बसतो कसा? नेतृत्व वाटून घ्यायचं म्हणजे नेमकं काय वाटायचं? आणि रोजचा कॉल हा उपाय की रोग?

"सगळ्यांनी ऑफिसात यावं" हे उत्तर कृपया नको. ऑफिसं चार आहेत.

तर्रीपोहा

रोजचा कॉल हा रोग आहे. उरलेल्या दोन प्रश्नांचा अभ्यास करून सांगतो.

बुटीबोरीकर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बिनधन्याचं वावर आहे हे. कंपनीनं एका प्रमुखाचा पगार वाचवला आणि त्याला गोंडस नाव दिलं, बाकी काही नाही. आमच्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात, पाळीचा इनचार्ज एकच असतो. रात्री दोनला मशीन थांबलं तर सही कोणाची, ह्याचं उत्तर एकाच माणसाचं नाव असतं. तुमच्याकडे रात्री दोनला शीतगृह गरम झालं तर कोण उठते? ते सांगा, मग पुढचं बोलू.

रानजाई

@बुटीबोरीकर, राग कसला, प्रश्न अगदी वर्मावर आहे. सध्याचं उत्तर : ज्याचा फोन आधी वाजेल तो.

कोथरूडकर_नील

पुण्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. (मी ह्यांच्या टीममधला नाही, पण अगदी अशाच एका तिघांमधला आहे.) शेजारी बसलेला माणूस खुर्ची फिरवून काही विचारतो तेव्हा "थांब, नागपूरला ईमेल टाकू" असं कुणी म्हणत नाही. त्यात कपट नसतं. बोलून मोकळं झालं की ते सांगायचं राहिलंय हे डोक्यातही येत नाही. आम्हाला आजवर कुणी म्हणालंच नाही की कळवा.

आणि उलटंही बघा. नागपूरची मंडळी दिवसभर काय करतात हे आम्हालाही दिसत नाही. संध्याकाळी एकदम पाचशे ओळींचा बदल येऊन आदळतो. तेव्हा आम्हीही हेच म्हणतो, "ह्यांनी परस्पर ठरवलं."

झिरोमाईल

"कुणी म्हणालंच नाही की कळवा." वा! पुण्याच्या वेशीवर कोरून ठेवा.

रानजाई ताई, लिहून घेतल्यानं सगळं सुटतं ह्या भ्रमात मात्र राहू नका. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेला १९५३ चा नागपूर करारही लेखीच होता. लेखी असूनही विकासाचा अनुशेष मोजायला पुढे समित्या बसल्याच. त्यातल्या त्यात टिकलं काय, तर दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवायचं, हे कलम. म्हणजे कागदाला हजेरीची जोड लागते.

संपादक_मंडळ

विदर्भ विरुद्ध पुणे ह्यासाठी स्वतंत्र धागे आहेत. पुष्कळ आहेत. हा वाचवा.

कंट्रोलबाबा

मी रेल्वेतून निवृत्त झालो. नागपूर विभागात सेक्शन कंट्रोलर होतो, आमला ते इटारसीकडची बाजू. संगणकातलं मला कळत नाही, पण न भेटलेल्या माणसांबरोबर काम करणं एवढंच मी आयुष्यभर केलं. ज्या स्टेशनमास्तरांशी रोज बोलायचो त्यांतल्या बऱ्याच जणांचा चेहरा मी कधीही पाहिला नाही. आवाजावरून सर्दी झालेली ओळखायचो.

विश्वासाचं म्हणाल तर एक साधी गोष्ट सांगतो. लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकवाल्याला मास्तर फोन करतो की गाडी येते आहे. फाटकवाला फाटक बंद करतो आणि प्रायव्हेट नंबर देतो. त्याच्याकडे छापील आकड्यांचा तक्ता असतो. त्यातला पुढचा आकडा सांगायचा, सांगितला की खोडायचा, आणि मास्तरानं तो आपल्या वहीत वेळेसकट लिहायचा. फाटकवाला मास्तराचा सख्खा मेहुणा असला तरी आकड्याशिवाय "बंद केलं हो" चालत नाही. त्यात कुणी अपमान मानत नाही. दोघंही सुटतात त्यात. निरोप ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, हाही नियमच.

दुसरं म्हणजे, कंट्रोलचा फोन सगळ्या स्टेशनांना मिळून एकाच सर्किटवर. मी धाराखोहशी बोलतोय ते मरामझिरीला फोन उचलला की ऐकू येई. तिथे घाट आहे, मालगाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं, कोण कधी मोकळं होणार ह्याचा हिशेब चालू असतो. मरामझिरीच्या मास्तराला मी वेगळं काही सांगायच्या आत त्याची तयारी झालेली असे, कारण त्यानं ऐकलेलं असे. तुमच्या पुण्याच्या चहाचं दुखणं हेच आहे. बोलणं वाईट नाही, बंद खोलीतलं बोलणं वाईट.

आणि प्रमुख कोण? बाहेरच्यांना वाटतं कंट्रोलर हा राजा. कोणती गाडी आधी काढायची, कोणती लूपवर (बाजूच्या रुळावर) थांबवायची, हे मी ठरवायचो, खरं आहे. पण काही धोका दिसला तर गाडी थांबवायला मास्तर, ड्रायव्हर किंवा गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) ह्यांपैकी कुणालाही मला विचारायची गरज नाही. आधी थांबवायची, मग सांगायचं. बुटीबोरीकरांची सही एकाची, हे बरोबर. पण प्रत्येक गोष्टीवर एकाच माणसाची नाही.

तर्रीपोहा

बाबा, दंडवत. आमच्या कॉलवरही सगळे ऐकतात म्हणे. म्यूट करून.

रानजाई

@कंट्रोलबाबा, प्रतिसाद दोनदा वाचला. म्हणजे विश्वास माणसावर नाही, पद्धतीवर ठेवायचा?

कंट्रोलबाबा

सुरुवात पद्धतीवर, पोरी. माणूस मागाहून कळतो. "पाच मिनिटांत सांगतो" म्हणून पाचव्या मिनिटाला फोन करणारा मास्तर कोणता आणि मलाच दोनदा घंटी वाजवायला लावणारा कोणता, हे महिन्याभरात पाठ होतं. उशीर झाला तरी चालतो. "अजून दहा मिनिटं लागतील" एवढं ज्यानं आपणहून कळवलं, त्याच्यावर मी डोळे मिटून गाडी सोडायचो. (डोळे मिटून म्हणजे बोलण्यापुरतं. आकडा तेव्हाही घ्यायचोच.)

वाचनवेडी

बाबांनी जे सांगितलं तेच संशोधनात सापडतं, म्हणून थोडं जोडते. मी व्यवस्थापन शिकवते, तेव्हा चोथा झाला तर माफ करा.

१९९० च्या दशकाच्या शेवटी सिरक्का यार्वेनपा आणि डोरोथी लायडनर ह्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम केल्या. एका टीममधले लोक वेगवेगळ्या देशांत, प्रत्यक्ष भेट नाही, काही आठवडे मिळून काम. काही टीममध्ये सुरुवातीलाच भरपूर विश्वास दिसला, लोक गप्पा मारत, एकमेकांच्या गावाबद्दल विचारत. पण ह्यातल्या सगळ्यांचा विश्वास शेवटपर्यंत टिकला नाही. टिकला तो गप्पांवरून वेळेत कामावर आलेल्यांचा. त्यांची उत्तरं ठरल्या वेळेला यायची, उत्तरात नुसतं "छान" नसून काहीतरी ठोस असायचं, आणि लोक सांगायची वाट न पाहता पुढे व्हायचे.

रानजाई, तुझ्या "ओके"बद्दल कॅथरीन क्रॅम्टन ह्यांचं २००१ चं काम आहे. लांबच्या टीममध्ये एक मोठा घोळ गप्प राहण्याचा होतो, असं त्यात दिसतं. गप्प राहणं म्हणजे मान्य, की सक्त नामंजूर, की गावाला गेलोय, की इंटरनेट बंद आहे, की उत्तर हवं होतं हेच कळलं नाही? समोर बसलेला माणूस गप्प असला तर त्याचं तोंड बघून कळतं. लांबचा गप्प असला तर आपण त्याच्या परिस्थितीचा विचार न करता थेट स्वभावावर येतो. "तो तसाच आहे." चार गावांत दोष फिरत राहतो तो असा.

जुनाजाणता

विद्यार्थ्यांवरचे प्रयोग. त्यांना काय, मार्क मिळाले की टीम विसर्जित. पगारवाढीच्या महिन्यात ही टीम बघा म्हणावं.

एल्बेकाठ

योगायोग पहा, मी बरीच वर्षं हॅम्बुर्गमध्ये आहे. माहेर नागपूरचं, धंतोली.

रानजाई, हॅम्बुर्गचा "ओके" हा ओकेच असतो. इथली माणसं जर्मनीतही कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. नाही पटलं तर नाही पटलं म्हणून लिहितील, आणि तेही एका ओळीत, मग आपल्याला वाटेल की आपली नोकरी गेली. मला ह्याची सवय व्हायला वेळ लागला.

आता इथल्यांची तक्रार ऐक. माझ्या शेजारी बसणारी बाई म्हणते, "तुमच्या लोकांना 'जमेल का' विचारलं की नेहमी हो." आपण समोरच्याचं मन राखायला हो म्हणतो आणि काळजी घरी नेतो. मी तिला सांगितलं, 'जमेल का' विचारूच नकोस. 'ह्यात काय अडेल' विचार. त्या दिवसापासून तिला खरी उत्तरं मिळायला लागली, कारण अडचणी सांगायला आपल्याला कधीच संकोच नसतो.

घड्याळाचंही लक्षात ठेव. उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. इथलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतं आणि त्या सोमवारी भारतातले निम्मे लोक चुकीच्या वेळी कॉलवर एकटे बसलेले असतात.

मीरा_के

वेळेचा विषय निघालाच आहे तर. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबरोबर काम करते, नागपुरातूनच. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. आमच्या टीमलाही "नेतृत्व सगळ्यांचं" असं सांगितलं होतं. मी एकच गोष्ट पाहिली : साप्ताहिक बैठक कुणाच्या सोयीच्या वेळी होते? कायम त्यांच्या सकाळी. माझा मुलगा लहान होता, त्याची झोपायची वेळ आणि बैठकीची वेळ एकच. नेतृत्व कुठं आहे हे कळायला मला तक्ता बघावा लागला नाही.

मग मी मागणी केली की एक आठवडा तुमच्या सोयीचा, एक आमच्या. पहिल्यांदा त्यांना पहाटे उठावं लागलं तेव्हा बैठक निम्म्या वेळात संपली! त्यानंतर कोणकोणत्या बैठकांची गरजच नाही ह्यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं.

तर्रीपोहा

मीराताई, जबरदस्त.

अवांतर : मे महिन्यात घरून कॉल घेत होतो. बाहेर पंचेचाळीस, कूलर फुल स्पीडवर. तिकडची बाई काळजीनं विचारते, "तुम्ही विमानतळावर आहात का?" मी म्हटलं हो. कूलर, वाळ्याच्या ताट्या, पाणी भरायची बारी, हे सगळं समजावण्यापेक्षा विमान सोपं पडलं.

झिरोमाईल

@तर्रीपोहा, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात परत विमानतळावर? तिला वाटत असेल हा माणूस दर उन्हाळ्यात पळून जायच्या तयारीत असतो.

खिडकीमुक्त

एवढे प्रतिसाद झाले आणि लिनक्स ह्या संगणक प्रणालीचं नाव नाही? मग मलाच लिहावं लागेल.

१९९१ पासून जगभर पसरलेली माणसं हे करतायत. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. बदल सुचवायचा तर तो ईमेलनं जाहीर यादीवर पाठवायचा, चर्चा तिथेच, भांडणंही तिथेच. दहा वर्षांनी "हे असं का केलं" विचारलं तर उत्तर सापडतं. बाबांचा एका सर्किटवरचा फोन तो हाच, फक्त लेखी. आणि लिनक्स सुरू करणारा लिनस टॉरवाल्ड्स सगळं स्वतः वाचत बसत नाही. प्रत्येक भागाचा एक सांभाळणारा असतो, त्यानं पारखून पुढे द्यायचं.

नेतृत्व सोडायचं कसं, ह्याचीही उदाहरणं आहेत. २००५ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बिटकीपर ह्या साधनाचा फुकट परवाना बंद झाला म्हणून लिनसनं तसंच गिट लिहायला घेतलं आणि त्याच वर्षी जुलैत ते ज्युनिओ हमानोच्या हवाली केलं. आजही तोच सांभाळतो. पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण तर थेट रानजाईंचं आहे. गुइदो व्हान रोसम हा तिथला शेवटचा शब्द होता. जुलै २०१८ मध्ये एका प्रस्तावावरून इतकी डोकेफोड झाली की त्यानं पद सोडलं आणि वारसही नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी कारभाराचे वेगवेगळे आराखडे लिहून मांडले, मतदान केलं आणि २०१९ पासून पाच जणांचं निवडलेलं मंडळ आहे. त्यात एक नियम फार शहाणपणाचा : एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत.

तुम्ही 'कंपनी'च्या जागी 'गाव' टाका. चहा आपोआप पातळ होईल.

कोथरूडकर_नील

पुण्याचा चहा आधीच पातळ असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

(नियम आवडला. गंभीरपणे.)

जुनाजाणता

खिडकीमुक्त, ती हौशी मंडळी आहेत असं म्हणणार नाही, कारण त्यांतल्या पुष्कळांना कंपन्या पगार देतात. पण पटलं नाही तर तिथून उठून जाता येतं, कोडची प्रत घेऊन वेगळी चूलही मांडता येते. रानजाई ताईंना हॅम्बुर्ग सोडून वेगळं शीतगृह काढता येणार नाही.

आणि इथे सगळे विश्वास कसा वाढवायचा ते सांगतायत. मला जरा उलटं बोलू द्या. १९९९ चं नासाचं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. एक टीम डेन्व्हरला, यान बनवणाऱ्या कंपनीची. दुसरी पॅसाडेनाला, नासाच्या जेपीएल ह्या प्रयोगशाळेची. डेन्व्हरच्या सॉफ्टवेअरमधून इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंदात येत होते, पॅसाडेना ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. फरक जवळजवळ साडेचार पट. २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळाच्या नको तितकं जवळ गेलं आणि संपलं. प्रवासात आकडे जुळत नाहीत हे काही जणांना खटकलं होतं. ते रीतसर नोंदीत न जाता ईमेल आणि बोलण्यातच राहिलं. दोन्ही गावं हुशार, दोन्ही गावांचा एकमेकांवर विश्वास. तोच नडला.

एल्बेकाठ

आमच्या गावाचंही पाप सांगते मग. एअरबसचं ए-३८०. हॅम्बुर्गला केबिनच्या वायरिंगचं काम, जोडणी तुलूझला. दोघांकडे एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या होत्या, इकडे जुनी, तिकडे नवी. विमान जोडायला घेतलं तर तारा तोकड्या! २००६ मध्ये उशिराच्या घोषणांवर घोषणा झाल्या, वरची माणसं गेली, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. इथे जुने लोक अजून त्यावर बोलायला लागले की थांबत नाहीत.

काळीमाती

ह्या दोन्ही गोष्टींवर औषध आमच्या खात्यात होतं म्हणून लिहिते. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, त्या कामात माझी उमेद गेली. मुख्यालय नागपूर आणि केंद्रं दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, जोरहाट, उदयपूर. देशाच्या मातीचे नकाशे करायचे. जोरहाटचा माणूस 'तपकिरी' म्हणतो ती माती आणि उदयपूरचा 'तपकिरी' म्हणतो ती, ह्या एकच आहेत का? काळी तर विचारूच नका. आपल्याकडच्या शेतकऱ्याला काळीतल्या जितक्या छटा दिसतात तितक्या साहेबाला दिसत नाहीत.

म्हणून मन्सेलची रंगपुस्तिका. मातीचं ढेकूळ घ्यायचं, थोडं ओलं करायचं, रंगीत चकत्यांशी लावून बघायचं आणि रंग शब्दात न लिहिता खुणेत लिहायचा, १० वायआर ३/१. मग जोरहाट असो की उदयपूर, वाद नाही.

तरी वाद व्हायचेच. म्हणून दुसरी सोय होती. वेगवेगळ्या केंद्रांचे लोक एकाच खड्ड्याशी जमायचे. उन्हात, टोप्या घालून, माणसाएवढ्या खोल खड्ड्यात उतरायचं आणि तीच माती प्रत्येकानं स्वतंत्र नोंदवायची. हा थर इथे संपतो की वीतभर खाली, ह्यावर कडाक्याची भांडणं. त्याला कोरिलेशन म्हणायचे. बाहेरून बघणाऱ्याला सहल वाटे. पण त्या भांडणानंतर जोरहाटहून आलेल्या नोंदीत "चिकणमातीचा पातळ लेप" असं वाचलं की मला डोळ्यांसमोर दिसायचं तो माणूस कशाला पातळ म्हणतो ते. वर्षभर पत्रांवर काम व्हायचं.

तेव्हा रानजाई, टीमला जरूर भेट. पण भेटून केक कापू नका. एकच बिघाड सगळ्यांसमोर ठेवा आणि प्रत्येकाला आपापलं निदान कागदावर लिहायला लावा.

बुटीबोरीकर

काळीमाती ताई, हे पटलं. आमच्याकडे गेजचं कॅलिब्रेशन करतात, माणसांचं कोणी करत नाही.

नवाकोरा

धागा छान आहे. मिहानमध्ये फ्रेशरसाठी जागा आहेत का कुठे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तर्रीपोहा

आला! प्रत्येक धाग्यावर एक येतोच.

रानजाई

तीन आठवडे गायब होते, क्षमस्व. वाचत होते, आणि तुमचं काही काही करूनही बघत होते.

बाबांचा आकडा आमच्याकडे असा आला : कुणी काही मागितलं की उत्तरात तीन गोष्टी हव्यात, काय समजलं, कधी देणार, कशानं अडेल. नुसता "ओके" बाद. हॅम्बुर्गचे लोक कुरकुरतील असं वाटलं होतं, पण त्यांनीच त्याचा साचा करून दिला. कुरकुर पुण्यानं केली.

चहावर बंदी नाही. चहात ठरलेलं संध्याकाळपर्यंत निर्णयवहीत गेलं नाही तर ते ठरलेलं नाही, एवढंच. ही वही सगळ्यांना उघडी. पहिल्या आठवड्यात नागपूरच्याच दोन गोष्टी ह्या नियमात उडाल्या, त्यामुळे पुणं एकदम खूश.

नेतृत्वाचं मात्र महिन्याच्या पाळीनं करा असं वरून सुचवलं होतं, ते आम्ही नाकारलं. बाबा आणि बुटीबोरीकर डोक्यात होते. आम्ही कामं वाटली. सेन्सरकडून येणाऱ्या माहितीचा शेवटचा शब्द हॅम्बुर्गच्या एकीचा, ग्राहकाला काय दिसतं त्याचा पुण्याच्या एकाचा, धोक्याच्या सूचनांचा कोचीच्या मुलाचा. रात्रीच्या फोनची यादी लावलीय, नावासकट. आणि नवीन आवृत्ती बाहेर पडू नये असं वाटलं तर ती थांबवायचा अधिकार नऊही जणांना, आधी थांबवा मग सांगा.

कोचीचा मुलगा कॉलवर अजूनही गप्पच आहे. पण त्यानं धोक्याच्या सूचनांवर जे लिहून काढलंय ते इतकं स्वच्छ आहे की आता कॉलवर सगळे त्याचंच लिहिलेलं वाचून बोलतात. त्याला बोलतं करायचा नाद आम्ही सोडला.

अडलंय एका जागी. दोन गावांचे शेवटचे शब्द एकमेकांना आडवे आले तर? परवाच झालं. हॅम्बुर्ग म्हणालं माहिती दर मिनिटाला पाठवू, पुणं म्हणालं ग्राहकाचं इंटरनेट तेवढं चालत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी जुन्या प्रमुखाला फोन केला. म्हणजे बिनप्रमुखाची टीम प्रमुखाला विचारून आली.

जुनाजाणता

हेच मी म्हणत होतो. आणि पगारवाढ कोण ठरवणार हे अजून कुणी लिहिलेलं नाही.

रानजाई

@जुनाजाणता, ते आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. विचारलंय, लेखी. उत्तर आलेलं नाही, आणि वाचनवेडी म्हणते तसे गप्प राहण्याचे सगळे अर्थ आम्ही लावून झाले.

कंट्रोलबाबा

दोन कंट्रोलरच्या हद्दी जिथे मिळतात तिथे आम्हालाही हेच व्हायचं. वर चीफ कंट्रोलर असतो, पण दर वेळी त्याच्याकडे गेलं तर तो आपल्यालाच विचारतो, तुम्ही दोघं कशाला बसवलेत? म्हणून रिवाज असा होता की गाडी ज्याच्या हद्दीत जाणार त्याचं ऐकायचं, कारण अडकली तर त्याच्या डोक्यावर अडकते. तुमच्याकडे माहिती शेवटी जाते कुठे?

रानजाई

ग्राहकाकडे. म्हणजे ह्या बाबतीत पुणं. अरे देवा.

कोथरूडकर_नील

बाबांना पुण्याला बोलवायची व्यवस्था आम्ही करतो.

मीरा_के

रानजाई, एकत्र भेटणार आहात का? काळीमाती म्हणतात तसा खड्डा नागपुरातच खणा. नाहीतर प्रवास करणारे कायम तुम्हीच.

रानजाई

तेच मागितलंय आणि मंजूरही झालंय! डिसेंबरात सगळे नागपूरला. हॅम्बुर्गच्यांना थंडीतलं ऊन हवंय, ते आपल्याकडे भरपूर.

झिरोमाईल

डिसेंबर? ताई, अधिवेशन आहे. आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चे. हॉटेलात खोली मिळणार नाही आणि सीताबर्डीतून गाडी निघणार नाही. जानेवारीत ढकला.

एल्बेकाठ

जानेवारीच बरं, त्यांच्या नाताळच्या सुट्ट्याही संपलेल्या असतात. आणि पहिल्याच दिवशी सावजी खाऊ घालू नकोस.

तर्रीपोहा

शेवटच्या दिवशी द्या, विमानाच्या आदल्या रात्री. मग ते "ओके" म्हणतात का बघा.

रानजाई

जानेवारीचा दुसरा आठवडा कळवून टाकला. हॅम्बुर्गच्या तिघांकडून उत्तर आलंय : समजलं, तिकिटं पुढच्या शुक्रवारपर्यंत काढतो, व्हिसानं अडेल. पुण्याचं उत्तर अजून यायचंय.